मे महिन्याची बॅच

अगं, शाळेचा तलाव तुला उन्हाळ्यापुरता चालवायला मिळाला हे ऐकून मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! आपल्या शहरात एखाद्या बाईने पोहण्याचे वर्ग स्वतःच्या जबाबदारीवर घ्यावेत, ही गोष्ट अजून रोजची झालेली नाही. पतियाळाच्या एनआयएसचा सहा आठवड्यांचा कोर्स तू केलायस. हात कसा फिरवायचा, श्वास कुठे घ्यायचा हे मी तुला काय शिकवणार? मला बोलायचंय ते गर्दीबद्दल. जुलै-ऑगस्टमध्ये तलाव कुणीही सांभाळेल. मे महिन्यात तो कसा सांभाळायचा, हे कोर्समध्ये फारसं कुणी सांगत नाही. म्हणून आज जरा निवांत बस आणि ऐक.

गर्दी येते कशी ते आधी बघ. सीबीएसईच्या शाळांचं नवं वर्ष एप्रिलमध्येच सुरू होतं, ती मुलं महिनाभर सकाळी शाळेत असतात. राज्य मंडळाच्या शाळांच्या परीक्षा एप्रिलच्या शेवटापर्यंत लांबतात. मे उजाडला की दोन्हीकडची मुलं एकदम मोकळी. पारा चाळिशीच्या पुढे गेलेला, आणि सिडकोपासून पदमपुऱ्यापर्यंत घराघरात एकच प्रश्न, पोरांना घालायचं कुठे? सिद्धार्थ उद्यानातला महापालिकेचा तलाव असो, एमजीएमचा असो, जिथे पाणी आहे तिथे रांग लागते. दुपारी फरशीवर पाय ठेववत नाही, म्हणजे उरले सकाळचे तीन-साडेतीन तास आणि संध्याकाळचे तेवढेच. जूनच्या मध्यावर शाळा उघडल्या की तलाव ओस. वर्षाची बरीचशी कमाई या सहा आठवड्यांत व्हायची असते, आणि एका बॅचमध्ये जास्त मुलं कोंबायचा मोह होतो तो त्यामुळेच.

बर्फावर स्की शिकवणाऱ्या शाळांचीही हीच गत असते. फ्रान्समध्ये त्यावर सरकारनेच तोड काढली आहे. देशाचे तीन विभाग केलेत आणि शाळांची हिवाळी सुट्टी प्रत्येक विभागाला थोडी मागेपुढे दिली जाते, म्हणजे आल्प्समधल्या गावांवर सगळा देश एकाच आठवड्यात कोसळत नाही. आपल्याकडे अशी वाटणी कुणी करून देणार नाही. ती तुलाच करायची आहे, बॅचेस पाडून.

तेव्हा फीच्या पावत्या छापायला टाकायच्या आधी, एका बॅचला किती मुलं घ्यायची तो आकडा ठरव. आणि तो तलावाच्या लांबी-रुंदीवरून काढू नकोस. पंचवीस मीटरच्या तलावात साठ मुलं सहज मावतात, शंभरही मावतील. आकडा काढायचा तो पाण्यावर लक्ष ठेवणाऱ्या माणसांवरून. पाण्याला घाबरणारी नवी मुलं एका प्रशिक्षकाकडे सहा. भिंत सोडून तरंगायला लागलेली आठ. तलावाची रुंदी पार करणारी दहा, फार तर बारा. माझा हिशेब हाच आहे आणि मी तो कुणासाठी मोडत नाही. जीवरक्षक या हिशेबाच्या बाहेरचा. त्याने शिकवायचं नाही, टोप्या वाटायच्या नाहीत, पालकांशी बोलायचं नाही, नुसतं पाण्याकडे बघायचं. 'रिकामाच तर उभा आहे, जरा त्या चार पोरांना बघ' असं म्हणायची पाळी आली, की समज तुझ्याकडे एक प्रशिक्षक कमी आहे आणि आता जीवरक्षकही नाही.

एवढं ताणून का सांगते? बुडणारा माणूस हात वर करून 'वाचवा, वाचवा' म्हणतो ही सिनेमाने करून दिलेली समजूत आहे. फ्रँक पिया नावाचे एक जीवरक्षक न्यूयॉर्कच्या ऑर्चर्ड बीचवर काम करत. त्यांनी बुडणाऱ्या लोकांच्या चित्रफिती घेऊन बारकाईने बघितलं. तोंड पाण्याखाली जातं, क्षणभर वर येतं, तेवढ्या वेळात श्वास घेणंच कसंबसं जमतं, ओरडणार कुठून? हात आपोआप बाजूंना पसरून पाणी खाली दाबत असतात, ते उचलून खूण करता येत नाही. अंग उभं, पाय जवळजवळ निश्चल. हे वीस ते साठ सेकंद चालतं आणि मग माणूस खाली जातो, आवाज न करता. चाळीस पोरं किंचाळतायत, पाणी उडवतायत, आणि त्यात एक गप्प झालंय. ते गप्प झालेलं पोर ज्याला दिसायला हवं, त्याच्या नजरेपुढे तू किती मुलं सोडतेस, यावर सगळं अवलंबून आहे.

जीवरक्षकांमध्ये एक जुना नियम आहे, दहा-वीसचा. आपल्या वाट्याच्या पाण्यावरून दहा सेकंदांत नजर फिरली पाहिजे आणि काही दिसलं तर पुढच्या वीस सेकंदांत तिथवर पोचलं पाहिजे. तू स्वतः काठावर उभी राहून घड्याळ लावून बघ. एका माणसाला अख्खा तलाव जमत नसेल तर दोन माणसं नेम आणि पाण्याचे दोन भाग कर. दर अर्ध्या तासाने जागा बदलायला लाव, कारण एकाच चकाकीकडे टक लावून नजर मरते. संध्याकाळच्या बॅचला पश्चिमेचं ऊन पाण्यावर असं चमकतं की तळ दिसत नाही. तेव्हा जीवरक्षक पश्चिमेच्या काठावर, सूर्याकडे पाठ करून बसव. मोबाइल ऑफिसात जमा. हे शेवटचं तुझ्यासकट सगळ्यांना.

आणि 'बॅच भरली' हे म्हणायला शीक. तुझी सगळ्यात मोठी परीक्षा तीच आहे, बाळा. फोन येतील. नगरसेवकाच्या माणसाचा येईल, शाळेच्या विश्वस्तांच्या मेव्हण्याचा येईल, आपल्याच नात्यातून येईल. 'एकच तर पोर आहे, एकाने काय होतंय?' असं म्हणतील. त्यांच्याशी वाद घालू नकोस, हिडीसफिडीसही करू नकोस. नावं लिहायची वही ठेव, त्यांच्यासमोर नाव लिही आणि सांग की पहाटे साडेपाचच्या बॅचला जागा आहे, किंवा जूनच्या पहिल्या आठवड्यात सुरू होणाऱ्या बॅचला घेते. खरी गरज असलेला पहाटे येतो. पाच-सहा लोक रागावतील. रागावू देत. पुढच्या वर्षी तेच लोक मार्चमध्ये नाव नोंदवतात, हे मी बघितलंय.

पहिल्या दिवशी काही शिकवू नकोस. पहिला दिवस फक्त निवडीचा. आई सांगते 'त्याला येतं पोहायला', आणि ते पोर गेल्या वर्षी मामाच्या विहिरीत पाठीला डबा बांधून तरंगलेलं असतं. तेव्हा उथळ पाण्यात प्रत्येकाचं तू स्वतः बघ. तोंड पाण्यात घालतो का, बुडबुडे काढतो का, हात सोडून तरंगतो का, रुंदी पार करतो का. त्यावरून टोपीचा रंग दे, लाल, पिवळा, हिरवा. मग लाल टोपी खोल बाजूला दिसली की कुणालाही, अगदी झाडूवाल्या मावशींनाही, कळतं की हे पोर चुकीच्या जागी आहे. भावंडांना एकत्र ठेवा म्हणून आग्रह होतो, ऐकू नकोस. पाण्यात उतरताना, मधल्या सुट्टीत आणि बाहेर पडताना, तिन्ही वेळा डोकी मोजायची आणि आकडा फळ्यावर लिहायचा.

दुखण्याखुपण्याची चौकशी मात्र चारचौघांत करू नकोस. फिट येतात, दमा आहे, कान वाहतो, हे आया सांगत नाहीत. मुलीला फिट येत असेल तर मुळीच सांगत नाहीत, का ते तुला-मला माहीत आहे. बाजूला घेऊन, हळू आवाजात विचार आणि आधीच सांग की हे कळलं म्हणून मी प्रवेश नाकारणार नाही. डॉक्टरांना विचारून, तिच्यामागे वेगळं एक माणूस ठेवून तिला शिकवता येतं. पायाने अधू मुलालाही परत पाठवू नकोस. मुरलीकांत पेटकर १९६५च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली जायबंदी झाले आणि १९७२ साली हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण त्यांनी जिंकलं. सांगलीकडचा आपला माणूस. फक्त अशा मुलाला मे महिन्याच्या दाटीत टाकायचं नाही, शांत वेळ द्यायची.

बायकांच्या बॅचबद्दल मला विशेष सांगायचंय. गर्दी झाली की पहिली कात्री तिलाच लागते, कारण मुलांच्या दोन बॅचेस त्या जागी बसतात. तू लावू देऊ नकोस. एक तास बायकांचाच ठेव. शिकवणारी बाई, जीवरक्षक बाई, फाटकावरही बाई, आणि फोन कुणाचाच आत नाही. काठाला पडदा लागत असेल तर लाव. रोशनगेट-शहागंजकडून येणाऱ्या मुलींना अंगभर पोशाख हवा असतो. नायलॉन-लायक्राचा असेल तर खुशाल घालू दे, सुती मात्र नको, तो पाणी पिऊन जड होतो. चाळिशी-पन्नाशीच्या बायका येतात, ज्यांनी आयुष्यात गुडघ्यावर पाणी बघितलेलं नसतं. त्या शिकायला वेळ लावतात. पण शिकल्या की सगळ्या घराला पाण्याकडे बघायची अक्कल येते, म्हणून माझ्या मते ही बॅच सगळ्यात मोलाची.

आता पाण्याचं. आपल्या गावात नळाला पाणी कितीतरी दिवसांआड येतं. जायकवाडी धरण भरलेलं असलं तरी घरातली पिंपं रिकामी असतात. अशा गावात आपण तलाव भरून बसतो, तेव्हा ते पाणी वाया न घालवणं हे आपलं देणं आहे. हिशेब करून बघ. पंचवीस मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद आणि सरासरी एक मीटर चाळीस सेंटिमीटर खोल तलावात जवळजवळ चार लाख चाळीस हजार लिटर पाणी मावतं, म्हणजे दहा हजार लिटरचे चव्वेचाळीस टँकर. मे महिन्यात रोज आठ मिलिमीटर पाणी उडालं असं धरलं, तरी दिवसाला अडीच हजार लिटर गेलं. त्यात फिल्टर उलटा धुताना जातं ते वेगळं. ते निदान झाडांना वळव. एकदा पाणी बिघडलं की तलाव उपसून परत भरणं या गावात परवडत नाही, पैशानेही नाही आणि माणुसकीनेही नाही. म्हणून ते बिघडूच द्यायचं नाही.

गर्दीत पाणी बिघडतं ते घामाने, तेलाने आणि लघवीने. त्यांचा क्लोरीनशी संयोग झाला की डोळे झोंबवणारा तो उग्र वास येतो. लोकांना वाटतं वास आला म्हणजे पाणी स्वच्छ. खरं तर क्लोरीन कामात खर्ची पडल्याची ती खूण. प्रत्येक पोर आधी शॉवरखाली गेलंच पाहिजे, डोक्याला तेल लावून आलेलं तर साबणाने. मोकळा क्लोरीन एक ते तीन पीपीएम, पीएच ७.२ ते ७.८. कडक उन्हात क्लोरीन तास-दोन तासांत उडून जातो, तेव्हा सकाळी एकदा तपासून दिवसभर निश्चिंत राहता येत नाही. मे महिन्यात दर बॅचच्या आधी तपास. ज्याला जुलाब होतायत त्याला घरी ठेवा, हे पालकांना लेखी दे, कारण क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी क्लोरीनमध्येही दिवसचे दिवस जगतो. काठावरून तळाची जाळी स्पष्ट दिसत नसेल तर बॅच रद्द, फी परत. गढूळ पाण्यात खाली गेलेलं पोर दिसत नाही. त्या जाळीचे स्क्रूही आठवड्याला बघ. सैल जाळीत मोठे केस ओढले जातात. मुलींना घट्ट वेणी आणि टोपी. मोटारीचं अर्थिंग परवानाधारक वायरमनकडून तपासून घे आणि कागद जपून ठेव.

तुझ्या प्रशिक्षकांची काळजी घे, हे वेगळं सांगायला नको, पण सांगते. दिवसाला चार बॅचेस पाण्यात उभं राहणाऱ्या पोराची कातडी सुरकुतते, कान ठणकतात, तिसऱ्या आठवड्यात चिडचिड सुरू होते. चिडलेला प्रशिक्षक घाबरलेल्या मुलाला ढकलतो. एका तलावावर मी हे होताना पाहिलंय, सहा वर्षांची मुलगी होती, ती त्यानंतर पाण्याच्या जवळ गेली नाही. ओरडून त्या प्रशिक्षकाचं काही सुधारलं नसतं, त्याला दोन दिवस सुट्टी हवी होती. आठवड्याला एक दिवस तलाव बंद ठेव, कुणी काही म्हणो. दोन बॅचेसच्या मध्ये पंधरा मिनिटं मोकळी ठेव. तेवढ्यात पाणी तपासून होतं, माणसं ताक पितात, आणि वाळूजहून शिफ्ट सुटून धावत येणाऱ्या वडिलांना पोर न्यायला वेळ मिळतो. त्यांचा उशीर आधीच हिशेबात धरलास तर रोजची भांडणं टळतात. पगार मात्र ठरलेल्या तारखेलाच.

पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांवर डोळा ठेव. त्यांना पोहता येतं म्हणून आपलं लक्ष जात नाही, आणि कोण जास्त वेळ पाण्याखाली दम धरतो अशा पैजा तेच लावतात. आधी भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यामुळे श्वास घ्यायची तगमग होतच नाही आणि चांगला पोहणारा मुलगा पाण्याखालीच बेशुद्ध पडतो. ही पैज दिसली की त्या दिवसापुरतं बाहेर, सवलत नाही. उथळ बाजूला डोक्याकडून सूर मारणाऱ्यालाही तसंच. मानेचा मणका एकदाच मोडतो.

आणि आता जे सांगायला मी तुला खरं बसवलंय ते. तुझी एकवीस दिवसांची बॅच संपते, शेवटच्या दिवशी तू प्रमाणपत्र देतेस, फोटो निघतात. दुसऱ्या दिवशी ते पोर एसटीत बसून मामाच्या गावाला जातं, पैठणला, गंगापूरला, वैजापूरला. तिथे शेततळं असतं. २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' योजना आली, तेव्हापासून आपल्या मराठवाड्यात ती गावोगाव दिसतात. बागा जगल्या त्यांनी, त्याबद्दल वाईट बोलवत नाही. पण प्लास्टिकच्या कागदाचा उतार ओला झाला की त्यावर पाय ठरत नाही, पोहता येणाऱ्यालाही वर चढता येत नाही. एक घसरतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, त्याच्यामागे तिसरा. उन्हाळ्यात पेपर उघडला की ही बातमी असते. देशात वर्षाला तीस हजारांहून जास्त माणसं बुडून जातात. तुझ्या प्रमाणपत्राने त्या पोराला धीर दिलेला असतो, आणि तो धीर तलावाच्या सपाट भिंतीजवळ मिळवलेला असतो.

म्हणून शेवटचे तीन-चार दिवस स्ट्रोक सुधारण्यात घालवू नकोस. शर्यत तर नकोच. त्या दिवसांत त्यांना घरचे कपडे घालून पाण्यात उतरव, म्हणजे भिजलेल्या पँटचं ओझं कळेल. उताणं होऊन, हलका श्वास घेत, काही न करता पाच मिनिटं तरंगायला लाव. आणि दुसरा बुडताना दिसला तर आपण उडी मारायची नाही हे त्यांच्याकडून करून घे. मोठ्याने ओरडायचं, काठी, दोरी, ओढणी, रिकामा कॅन जे हाती लागेल ते टाकायचं, स्वतः काठावर आडवं पडून. आठ वर्षांच्या मुलालाही हे जमतं. पालकांना शेवटच्या दिवशी बसवून स्पष्ट सांग की याला तलावात पोहता येतं, शेततळ्यात, खदानीत, कालव्यात नाही. ज्या मामाकडे शेततळं आहे त्याला फोन करून कुंपण घालायला आणि चारही बाजूंना गाठी मारलेले दोर सोडायला सांगा म्हणावं. प्रमाणपत्रावरही तेच छाप, मोठ्या अक्षरात.

एक काम उरलं. तुझ्याकडचा प्रत्येक माणूस, फाटकावरच्या मावशींसकट, सीपीआर शिकलेला हवा. अजूनही आपल्याकडे बुडालेल्याला उलटं धरून गरगर फिरवतात, पोट दाबतात. त्यात हातातला वेळ जातो आणि पोटातलं वर येऊन श्वासनलिकेत शिरतं. श्वास बंद असेल तर आधी तोंडाने श्वास द्यायचे, मग तीस वेळा छाती दाबायची आणि दोन श्वास, हे थांबवायचं नाही, आणि त्याच वेळी दुसऱ्याने १०८ला फोन लावायचा. पोर शुद्धीवर आलं, हसायला लागलं, तरी त्याला घाटी रुग्णालयात किंवा जवळच्या दुसऱ्या रुग्णालयात दाखवल्याशिवाय घरी सोडायचं नाही. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात याचं प्रशिक्षण ठेव, पहिली बॅच सुरू व्हायच्या आधी. तारीख ठरली की मला कळव, मी येते.